शेवटच्या काकरीतली भेंडी

विजयमालाने ओच्यातून मूठभर भेंडी काढली आणि बांधावरूनच यशोधरापुढे धरली.

"घे. पहिलाच तोडा हाय. म्हातारीला आवडती ना."

यशोधराच्या हातात नुकतंच तोडलेलं फूल होतं. सकाळचे आठ वाजत आले होते आणि दहाच्या आत अजून निम्म्या ओळी व्हायच्या होत्या. तिने दुसरा हात पुढे केला. भेंडी आखूड होती, जाड, अंगावर टोचरी लव. असली भेंडी बाजारात येत नव्हती, आणि यशोधराच्या शेतात तर नव्हतीच.

"कुठली गं ही?"

"कुठली म्हंजी? शेवटच्या काकरीतली. आप्पाच्या बाजरीतली."

यशोधराने मान वळवून पाहिलं. तिच्या बांधापलीकडे पडीक पट्टी होती आणि पट्टीपलीकडे आप्पासाहेबांची बाजरी, माणसाच्या उंचीची, कणसं भरत आलेली. मधे ऐंशी पावलं. हे अंतर तिने मे महिन्यात स्वतः मोजलं होतं.

"फुलं हायेत तिथं अजून?"

"हायेत की, पिवळीधमक. का गं? तोंड का उतरलं? भेंडी दिलीय, इंचू न्हाई दिला हातात."

यशोधराने भेंडी बांधावर ठेवली. अकरा वाजता कंपनीचे राधाकृष्ण साहेब प्लॉट तपासायला येणार होते.

ती आणि तिचा नवरा प्रवीण नऊ हंगाम ऊसतोडीला जात होते. जामखेड तालुक्यातल्या त्यांच्या गावातून दिवाळीच्या आगेमागे दोन ट्रक भरून माणसं निघत. गेल्या हंगामात, कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर, त्यांच्या खोपीशेजारी जालन्याकडची टोळी उतरली. तिच्यात दगडाबाई होती. दोघी पहाटे एकाच हौदावर पाणी भरायच्या. एकदा दगडाबाई सहज म्हणाली, माझी भावजय आता तोडीला येत नाही, तिला घरीच भेंडीचं क्रॉसिंग असतं. यशोधराला शब्द कळला नाही. दगडाबाईने काडीने मातीत फूल काढून दाखवलं. मादीच्या ओळी वेगळ्या, नराच्या वेगळ्या. उद्या उमलणारी मादीची कळी संध्याकाळी नखाने सोलायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, वर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी टोपी काढून नराचं फूल आत फिरवायचं, पुन्हा टोपी घालायची आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा बांधलेलं फळ झाडावरच वाळू द्यायचं. त्याचं बी कंपनी घेते.

यशोधराच्या गावात सोसायटीचे चेअरमन होते, तीन घरी फोन होते, पंचायत समितीत जाणारं-येणारं माणूस होतं. त्यांतल्या कुणालाही ही गोष्ट ठाऊक नव्हती. ती कळली हौदावर.

एप्रिलमध्ये गावी परतल्यावर प्रवीणने दगडाबाईच्या भावाला कार्ड लिहिलं. भावाने कंपनीत शब्द टाकला. कंपनीलाही नवी गावं हवी होती, कारण जुन्या गावांत आता एका प्लॉटला खेटून दुसरा प्लॉट झाला होता. मे महिन्यात राधाकृष्ण मोटारसायकलवर आले, विहीर पाहिली, माती चोळून पाहिली आणि म्हणाले, दहा गुंठ्यांवर करून दाखवा. अट एकच. चारी बाजूंना दोनशे मीटरच्या आत दुसरी भेंडी नको. एक झाडही नको, कारण माशी एका फुलावरून उठून कुठल्या फुलावर बसेल सांगता येत नाही. प्लॉट पास झाला तर रब्बीला दुसरा मिळेल, म्हणजे हिवाळाभर काम घरीच.

यशोधराला एवढंच हवं होतं. तिच्या सासूचं, राहीबाईंचं, वर्षभरात दोन्ही डोळ्यांनी दिसणं बंद झालं होतं. त्यांना खोपीत नेता येत नव्हतं आणि सहा महिने घरी एकटं ठेवताही येत नव्हतं. प्लॉट नापास झाला तर मात्र जावंच लागणार होतं. मुकादम रविवारी नावं घ्यायला येणार होता. आज शुक्रवार होता.

तिने हे गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. आप्पासाहेबांकडे तीन विहिरी होत्या, जीप होती. त्यांच्या कानावर गेलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी जालन्याला पोहोचले असते, आणि मग दहा गुंठ्यांकडे कोण पाहणार? म्हणून जूनमध्ये ती घरोघर फिरली आणि खोटंच बोलली, की तुमच्या परसात भेंडी लावलीत तर तिच्यावरची कीड माझ्या भेंडीवर येईल. भेंडीच्या बदल्यात गवारीचं बी दिलं. सगळ्यांनी मानलं. पुढे लाल टोप्या दिसू लागल्यावर बाया हसायच्या, "यशोधरा भेंडीची लग्नं लावतीया." तीही हसायची. गेले दोन हंगाम विजयमालाची खोप तिच्या खोपीच्या दुसऱ्या बाजूला होती. पण यशोधराने तिलाही सांगितलं नाही.

परसं विचारून झाली होती, बांध विचारून झाले होते. काकरी, पेरणीतली शेवटची ओळ, मात्र राहून गेली. पाभरीमागे बी सोडणाऱ्या बायांनी शेवटची काकरी आपापल्या गाठोड्यातल्या बियांनी पेरायची, असा त्या गावचा रिवाज होता. गवार, अंबाडी, चवळी, ज्या बाईकडे जे असेल ते. त्या काकरीवर शेतमालकाचा हक्क नसायचा, आणि ज्या बायांनी पेरली त्यांच्याखेरीज कुणी तिला हात लावायचं नाही. ती कुणाच्या नावावर नसते. म्हणूनच तिच्याबद्दल कुणाला विचारावं हे यशोधराच्या लक्षात आलं नव्हतं. आप्पासाहेबांची पेरणी आठ जुलैला झाली. त्या दिवशी ती स्वतःच्या भेंडीला पाणी देत होती.

"माले," ती म्हणाली, "ती भेंडी उपटायला लागंल. आत्ता."

"उपटायला?" विजयमाला हसली. मग यशोधराचा चेहरा पाहून थांबली. "आगं, आजच तर लागली खायला. तूच म्हनलीस परसात लावू नका. न्हाई लावली. काकरी काय माझ्या परसात हाय?"

"ती कीड-बीड कायी नव्हतं. मी खोटं बोलले."

यशोधराने तिला सांगितलं. हौद, दगडाबाई, कार्ड, दोनशे मीटर, रविवार. सांगताना तिचे हात फूल फिरवत होते, टोपी घालत होते. प्रवीण दोरा आणायला पहाटेच जामखेडला गेला होता आणि आज ती एकटीच होती. थांबली असती तर फुलं मिटली असती.

विजयमाला ऐकत बांधावर बसली.

"दगडाबाई ती, नाकात मोठी मुरनी घालनारी?"

"व्हय."

"तिला माझ्या चुलीवरची भाकर दिली मी. ती आजारी पडली तवा." विजयमालाने ओच्यातली भेंडी बांधावर ओतली. "तिनं तुला सांगितलं, तू मला न्हाई सांगितलंस. माझ्या हातचं पानी पेतीस, माझ्या फडक्यातली भाकर खातीस, आन् बोलायचं म्हनलं की कीड पडती व्हय तुझ्या जिभंला?"

"आप्पाला कळलं असतं."

"मी काय आप्पाची सालगडी हाय?"

यशोधराने हातातल्या फुलाला टोपी घातली. ती म्हणाली, "चुकलं माझं."

"चुकलंच." विजयमाला उठली. "काकरी माझी एकटीची न्हाई. दिपालीची गवार हाय तिच्यात, वैनीची अंबाडी. भेंडी तेवढी माझी. ती उपटते. पर तुझ्यासाठी न्हाई, म्हातारीसाठी. चल लौकर."

बाजरीच्या आत उजेड कमी होता आणि पात्यांनी हात कापत होते. काकरी शेताच्या अलीकडच्याच कडेला होती. भेंडीची झाडं बाजरीच्या सावलीने सडपातळ वाढलेली. एकेका झाडावर एकेक फूल उमललेलं, आणि प्रत्येक फुलात माशी. यशोधराने मोजली. सव्वीस झाडं. ती मुळापासून उपटत गेली आणि विजयमाला पेंढी बांधत गेली.

"आता गुरांपुढं टाकू," विजयमाला म्हणाली. "झालं. सायबाला काय सपान पडतंय?"

यशोधराच्याही मनात तेच होतं. साहेब येतील, चारी बाजूंना फिरतील, भेंडी दिसणार नाही, कागदावर पास लिहितील. कंपनी ते बी आपल्या शेतात लावून पाहते, पण त्याचा निकाल डिसेंबर उजाडल्यावर. तोवर ट्रक निघून गेलेले असतील. हा हिवाळा राहीबाई एकट्या राहणार नाहीत.

पण मादीच्या कळ्यांना टोप्या होत्या, नराच्या फुलांना नव्हत्या. माशा इथून उठून तिथे बसत असणार. तिने स्वतःच्या बोटांनी ते परागकण मादीवर फिरवले असणार, थोडे का होईना. किती, हे कुणाला सांगता येणार नव्हतं. डिसेंबरात कंपनीच्या शेतात मधेच एखादं झाड आखूड, जाड, लवदार भेंडी धरेल. तेव्हा पहिला प्रश्न दगडाबाईच्या भावाला विचारला जाईल, कारण शब्द त्याने टाकला होता.

"न्हाई," ती म्हणाली. "त्येंच्याफुडं ठिवायची."

"येडी झालीस का गं?"

पेंढी घेऊन दोघी बाजरीबाहेर आल्या तेव्हा आप्पासाहेब पडीक पट्टीत उभे होते. हातात छत्री, ऊन नसताना उघडलेली.

"काय गं, माझ्या बाजरीत सकाळी सकाळी काय लूट चाललीय?"

"काकरी आमची हाय, आप्पा," विजयमाला म्हणाली.

"काकरी तुमची, कणसं माझी. किती मोडली?" त्यांनी पेंढीकडे पाहिलं. "भेंडी? तोडायची सोडून उपटून चालल्या? आन् ही प्रवीणची बायको, हिच्या रानात टोप्या घातलेली भेंडी, ती तोडीत न्हाई. दोघींचं डोकं फिरलंय, का मलाच कळंना झालंय?"

यशोधराने विजयमालाकडे पाहिलं. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं आणि विजयमालाला तसा राग होता.

"लगीन हाय, आप्पा," विजयमाला म्हणाली. "अकराला नवरदेवाकडचं मानूस यायचं हाय."

"अस्सं. मग मला आवतन कसं न्हाई?" आप्पासाहेबांनी छत्री मिटली. "येतो मी अकराला."

ते खरंच आले. राधाकृष्णांची मोटारसायकल यायच्या आधीच ते बांधावर रुमाल टाकून बसले होते. यशोधराने ओळी पुऱ्या केल्या होत्या. उपटलेली पेंढी वाटेवर, सगळ्यांना दिसेल अशी, ठेवली होती.

राधाकृष्ण पन्नाशीचे, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मोटारसायकल लावली, पिशवीतून कागद काढला आणि पहिली नजर पेंढीवर पडली.

"हे काय?"

"साहेब, ही ऐंशी पावलांवर सापडली. त्या बाजरीत. आज सकाळी कळलं. फुलं होती."

"किती झाडं?"

"सव्वीस."

"आता आहेत?"

"न्हाईत. पर हुती."

राधाकृष्णांनी कागद पुन्हा पिशवीत घातला. यशोधराने ते पाहिलं.

"ताई, नियम तुम्हाला मे महिन्यातच सांगितला होता. असा प्लॉट मी रद्द करतो. मागच्या वर्षी दोन केले."

"व्हय, साहेब."

"मग सांगितलंत कशाला? मी आलो असतो, पाहिलं असतं, गेलो असतो."

"डिशेंबरात कळलंच असतं. मग दगडाबाईच्या भावाला तुम्ही काय म्हनला असता?"

राधाकृष्ण पेंढीजवळ उकिडवे बसले, दोरी सोडली आणि सर्वांत उंच झाड उचलून आडवं धरलं. बुडाकडून वर बोट फिरवत ते मोजू लागले. यशोधराही खाली बसली. भेंडीला पेराला एक फूल येतं, खालून वर, क्रमाने. फूल गळलं, फळ तोडलं, तरी पेराशी त्याची खूण राहते. झाड किती दिवस फुलतंय ते झाडालाच विचारता येतं.

"हे पहिलं," राधाकृष्ण म्हणाले. "फळ आज तोडलंय, चीक ओला आहे. दुसरं. तिसरं. हे फळ धरलेलं. हे कालचं फूल. हे आजचं. सहा पेरं." त्यांनी दुसरं झाड घेतलं. मग तिसरं. सगळी सव्वीस झाडं त्यांनी पाहिली. याला वीस मिनिटं लागली. आप्पासाहेबांनी दोनदा घसा खाकरला, पण कुणी मान वर केली नाही.

"सहाच्या वर एकाचंही नाही. मधले एक-दोन दिवस रिकामे धरू. म्हणजे आठ दिवस, फार तर नऊ. तुमचं क्रॉसिंग कधी सुरू झालं?"

"दहा ऑगस्ट."

"आज सहा सप्टेंबर. म्हणजे पहिले अठरा दिवस इथे दुसरी भेंडी फुललेलीच नव्हती." ते उठून मादीच्या ओळीत गेले. एक झाड वाकवून त्यांनी खालची फळं दाबून पाहिली, मग वरची. "खालची फळं स्वच्छ. वरची नाहीत. पण कुठून वरची, ते या झाडावर दोरा बघून कळणार नाही. दोरा सगळ्यांना एकच."

"टोक मोडून कळंल," यशोधरा म्हणाली.

राधाकृष्णांनी वळून पाहिलं.

"बाजारात भेंडी घेताना बाया टोक मोडत्यात ना, तसं. मोडलं की कवळी. कवळी म्हंजी आठ दिसांच्या आतली. न मोडली की निबर, ती जुनी. मोडतील ती समदी तोडायची, आन् झाडावर त्याच्या खालची दोन आनखी."

"दोन का?"

"तुमचं नऊ दिवस चुकलं असलं तर."

ते पहिल्यांदा थोडंसं हसले. पण कागद अजून पिशवीतच होता. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरले, मधूनमधून एखादं टोक मोडत, एखादी टोपी काढून बघत. यशोधरा त्यांच्या मागे चार पावलं चालत होती. बांधावरून आप्पासाहेबांचा आवाज आला.

"साहेब, कंपनी कुठली? आमच्याकडं पाच एकर हाय पान्याखालचं."

म्हणजे कळलं. चार महिने जे सांभाळलं ते एवढ्या सहज गेलं. यशोधराला वाटलं होतं की या क्षणी तिला फार वाईट वाटेल. तिचं लक्ष मात्र राधाकृष्णांच्या पिशवीकडेच होतं.

"नाव-पत्ता लिहून द्या," राधाकृष्ण न वळता म्हणाले. "हाताखाली शिकलेल्या बाया किती आहेत तेही लिहा. जमीन पुष्कळांकडे असते."

"बाया काय, बोलवू तेवढ्या येतील."

"कोन येतंय बघू," विजयमाला हळूच म्हणाली, पण आप्पासाहेबांना ऐकू जाईल एवढ्या बेताने.

राधाकृष्णांनी शेवटी कागद काढला आणि मोटारसायकलच्या सीटवर ठेवून लिहिलं. लिहिताना बोलत गेले. वरची फळं आज, माझ्यादेखत तोडायची. नराची आज उमललेली सगळी फुलं तोडून टाकायची. क्रॉसिंग उद्या बंद, परवापासून पुन्हा, वीस तारखेपर्यंत. अठराला मी परत येईन आणि दोनशे मीटरची हद्द स्वतः चालेन. बी दहा किलो भरलं पाहिजे. त्याच्या खाली भरलं तर रब्बीचा प्लॉट नाही.

"दहा भरंल का, साहेब?"

"आहे त्या वेगाने नाही भरणार. तिसरा हिस्सा आज जातोय. उरलेल्या दिवसांत रोज दीडपट फुलं करावी लागतील. तुम्ही दोघं किती करता?"

"सहाशे."

"मग नऊशे." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पास लिहिलेलं नाही. नापासही लिहिलेलं नाही."

तोडायला दुपार झाली. विजयमाला न सांगता पलीकडच्या ओळीला लागली होती. टोकं मोडल्याचा कटकट आवाज दोन्हीकडून येत होता. कोवळी, दोरा बांधलेली भेंडी टोपलीत पडत होती. नऊ दिवसांचं, दोघांचं काम. प्रवीण दोरा घेऊन आला, टोपल्या पाहून त्यानेही एक ओळ धरली. आप्पासाहेब केव्हातरी निघून गेले. राधाकृष्णांनी शेवटची टोपली पाहूनच मोटारसायकल सुरू केली.

मग बांधावर भाकरी खाताना विजयमाला म्हणाली, "नऊशे कसं करनार?"

"बघू."

"बघू काय? मला शिकीव. आन् त्या भावाचा पत्ता दे. तोंडी नको, लिहून. आमच्या पोराला, अजिनाथला, वाचता येतंय."

"देते."

"आन् पुन्हा जर मला कायी लपिवलंस ना, तर आप्पाच्या बाजरीत न्हाई, तुझ्याच बांधावर लावीन भेंडी."

रविवारी कळ्या सोलायची वेळ झाली होती तेव्हा मुकादम आला. शनिवारी काम बंद होतं आणि शुक्रवारी संध्याकाळी विजयमालाने हात बसावा म्हणून नराच्या ओळीतल्या कळ्या सोलून पाहिल्या होत्या. पहिल्या वीस कळ्यांतल्या अकरा तिने मोडल्या होत्या. आज मादीच्या ओळीत पन्नासातल्या चारच मोडल्या. मुकादम ओळीच्या तोंडाशी वही घेऊन उभा राहिला.

"प्रवीण कुठाय? तुमच्या कोयत्याचं, दोघा नवरा-बायकूचं, काय धरू?"

प्रवीण विहिरीवर होता. यशोधराने हातातली कळी पुरी सोलली, टोपी घातली आणि मगच मान वर केली. दहा किलो भरतील की नाही, तिला माहीत नव्हतं. हिशेब तिने तीनदा केला होता. नऊशे झाली तर भरतील. साडेआठशे झाली तर थोडे कमी पडतील.

"यंदा आमचं नाव धरू नका."

"पुन्हा बोलावशील तर जागा न्हाई मिळायची, सांगून ठिवतो."

"ठावं हाय."

मुकादमाने पलीकडे पाहिलं. "आन् तू, विजयमाला?"

विजयमालाने दातांत धरलेली टोपी काढली.

"आमचं धर. आजच्या आज लिही." मग ती पुन्हा कळीवर वाकली. "पर फुडल्या सालचं आत्ताच इचारू नगंस. आन् बाजूला सरक, तुझी सावली पडती हितं, कळी दिसंना."

मुकादम बाजूला सरकला. दिवस मावळायला तास-दीड तास होता आणि सहा ओळी राहिल्या होत्या.